पहिल्या आवृत्तीतला शेवट

३ जून

वहिनी,

पत्र लिहायचं नव्हतं, पण फोनवर तुम्ही ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलत नाही. त्यातून काय कळलं आणि काय नाही, याचा मला पत्ता लागत नाही. म्हणून लेखी कळवते.

दादाला जाऊन सात महिने झाले. त्याच्या ‘वर्षाची बारा’ या सदराचं पुस्तक अखेर निघतंय. बावीस वर्षं दर डिसेंबरात त्याने बारा पुस्तकं निवडली, चार राजकीय इतिहासाची, चार विज्ञानाची आणि चार कथा-कादंबऱ्या. उरलेल्यांना चार ओळींत केराची टोपली दाखवली. त्या चार ओळींसाठीच लोक पेपर विकत घ्यायचे. संपादन मी करते आहे. दुसरं कोण करणार?

मला शेवटच्या अकरा वर्षांची पुस्तकं हवी आहेत, दादाच्या स्वतःच्या प्रती. यादी सोबत आहे. छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या एक बाई आहेत, भयंकर खडूस. लेखातलं प्रत्येक वाक्य मूळ पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय त्या पान पुढे सोडत नाहीत. तेव्हा कृपा करून यादीच्या क्रमाने पाठवा. मागच्या खेपेला पाहिलं, तुम्ही पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होतीत. क्रांतीचा इतिहास धूमकेतूंच्या मांडीला मांडी लावून बसलेला आणि शेजारी कुठलीशी प्रेमकथा. दवाखान्यात औषधाच्या बाटल्या तशा लावत असाल. पुस्तकांच्या आतही काही असतं, वहिनी. चाळीस वर्षांत तुम्ही एखादं उघडल्याचं मी पाहिलं नाही, पण धूळ मात्र नेमाने झटकलीत, हे कबूल करायला हवं.

प्रकाशन दहा ऑगस्टला, रुमालरावांच्या हस्ते. हे नाव दादानेच ठेवलेलं. स्वतःच्या कादंबरीतला उतारा वाचताना हे गृहस्थ स्वतःच डोळे पुसतात. दादाने त्यांचं जन्मात एकच पुस्तक निवडलं, ते कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं. त्या एका लेखावर ते आजतागायत जगताहेत. त्यांची अट एवढीच आहे की दादाने नावाजलेलं ते शेवटचं प्रकरण समारंभात घरच्या कुणीतरी वाचून दाखवावं. घरचं कुणीतरी म्हणजे मीच, उघड आहे. यादीत ते चौतिसावं. ते जरा जपून बांधा.

तुमची नणंद


११ जून

वन्सं, नमस्कार.

तीन खोकी आज पाठवली. एकशे एकतीस पुस्तकं आहेत. यादीच्या क्रमाने लावता आली नाहीत, जडपणाप्रमाणे लावली. वजनाने जड ती खाली.

धूमकेतूंचं पुस्तक काढताना सांभाळा, त्याची शिवण उसवली आहे. ऐंशीव्या पानापर्यंत ते गृहस्थ आकाशाकडे बघतात, तिथून पुढे दुर्बीण स्वतःकडे वळवतात. त्यामुळे पुढची पानं कोरी करकरीत आहेत. तीन खंडांच्या इतिहासातला तिसरा खंड विनाकारण जाड आहे. लेखक हरलेल्या पक्षाचा होता, तो निवडणूक पुस्तकात जिंकतो. समुद्राखालच्या गवतावरचं छोटं पुस्तक मी वर ठेवलंय. पावसात भिजलं तरी चालेल असं त्या खोक्यात पुष्कळ आहे, पण ते भिजू देऊ नका.

चौतिसावं सापडलं नाही. कसर लागली असेल, टाकलं गेलं असेल.

फळ्यांची उंची कमी-जास्त आहे, म्हणून पुस्तकं तशी लावली होती.

वहिनी


२४ जून

वहिनी,

खोकी मिळाली. दादाची मतं तुम्हाला पाठ आहेत हे पाहून बरं वाटलं. पण माझ्यासमोर ती स्वतःची म्हणून मिरवू नका.

आता मुद्द्याचं. चौतिसावं तुम्ही हरवलंत म्हणून मी माझी प्रत वापरली. माझी दुसरी आवृत्ती आहे. ती दादाच्या लेखाशी तंतोतंत जुळली. म्हातारा इतक्या वर्षांनी लेकीच्या घरी जातो, ती घरी नसते, दाराची सैल झालेली कडी तो नीट बसवतो आणि कुणाला न सांगता निघून जातो. दादाने यावर लिहिलंय, ‘अशी कडी बसवणाऱ्याचे कुणी आभार मानायचे नसतात. ती वाजायची थांबली हे ज्याला ऐकू आलं, त्याने ते कधीतरी सांगावं, एवढंच. इथे ते सांगितलं गेलं आहे.’ हे माझ्यासारखीनेही पुन्हा पुन्हा वाचलं, रुमालरावांचं सोडाच.

पण प्रुफाच्या बाईंकडे पहिली आवृत्ती निघाली. त्यांनी मला बोलावून घेतलं, पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, “वाचा.” पहिल्या आवृत्तीत म्हातारा कुठेही जात नाही. खाटेवर पडून लेकीला बारा पानं उपदेश करतो, खिडकीत एक पाखरू येतं आणि तो मरतो. कडी नाही, दारसुद्धा नाही!

पहिली आवृत्ती त्या वर्षीच्या मार्चमधली. दादाचा लेख त्याच डिसेंबरातला. दुसरी आवृत्ती त्यानंतर दोन वर्षांनी निघाली. बाई म्हणाल्या, “तुमचे बंधू दोन वर्षं पुढचं पुस्तक कसे वाचत होते?”

मग त्यांना चेवच आला. दादा एका राजकीय चरित्राबद्दल लिहितो, ‘नायकाच्या बालपणाचं एकही पान नाही, म्हणून ग्रंथ तगला.’ ग्रंथात बालपणाची चौसष्ट पानं आहेत, त्यात एका बकरीची नऊ. मिठावरच्या पुस्तकाबद्दल लिहितो, ‘लेखक एकदाही मी म्हणत नाही.’ पुस्तकातला पहिला शब्दच ‘मी’ आहे. अशी अकरा वर्षांत एकोणीस ठिकाणं निघाली. आधीच्या अकरा वर्षांत एकही नाही.

प्रकाशकांनी दहा जुलैपर्यंत खुलासा मागितलाय. नाहीतर ते पुस्तकच काढणार नाहीत. आणि अशी गोष्ट झाकून राहत नाही. ज्या माणसाने बावीस वर्षं दुसऱ्यांचा आळस चव्हाट्यावर मांडला, तो स्वतः न वाचताच लिहायचा, असं लोक म्हणतील. दादाचं बाकी काय उरलंय आपल्याजवळ? नावच ना?

त्याचे लेख सुवाच्य अक्षरात तुम्ही उतरवून द्यायचात. काय घोळ घातलात तो सरळ सांगा.

तुमची नणंद


१ जुलै

वन्सं,

उतरवण्यात घोळ नाही. त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलं. घोळ त्याच्या आधीचा आहे.

त्यांना शेवटची अकरा वर्षं दिसत नव्हतं. थोडंसुद्धा नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पेपरला कळलं तर सदर जाईल म्हणून आम्ही दोघांनी ते लपवलं. तुम्ही यायचात तेव्हा ते हातात पुस्तक धरून बसायचे, मी आधीच सरळ बाजू वर करून दिलेली असायची. फळीवर पुस्तकं उंचीने लावली होती ती त्यांच्या हाताला सापडावीत म्हणून. सगळ्यात ठेंगणं धूमकेतूंचं, त्याहून बोटभर उंच ते क्रांतीचं. तुम्ही ज्या मांडणीला हसलात, ती त्यांनी पाठ केलेली होती.

वाचून मी दाखवायचे. दवाखान्यातून आले की चहा, मग साडेपाच ते आठ. एकशे बत्तीस पुस्तकं ही निवडलेली. न निवडलेली मोजली तर हजाराच्या घरात जातील.

मी लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘अनाथालय’ म्हणायचात तुम्ही, आठवतं मला. तिथे जेवताना कुणी बोलायचं नाही. एका मुलीने लेक्टर्नपाशी, म्हणजे पुस्तक ठेवायच्या तिरक्या मेजापाशी, उभं राहून संतांची चरित्रं वाचायची आणि बाकीच्या साठ जणींनी जेवायचं. वाचणारीचं ताट झाकून ठेवलेलं असे. प्रकरण संपलं की तिने जेवायचं, तोवर सगळं गार. माझा आवाज खणखणीत म्हणून आठवड्यातून चार दिवस मीच. तिथे मला अक्कल आली. संत तिसऱ्यांदा मूर्च्छित पडायला लागले की मी दोन पानं एकदम उलटायचे. एखादी हुतात्मा होणारी मुलगी फार वेळ मरत असली तर तिला मी लवकर मोकळं करायचे. कुणाला कळत नसे. एकदा मात्र म्हाताऱ्या सिस्टर जवळ आल्या. मला वाटलं, आता छडी. त्या कानाशी म्हणाल्या, “बाळ, तुझ्या तोंडून ऐकलं की संतसुद्धा शहाणे वाटतात.” त्या दिवशी त्यांनी माझं ताट चुलीवर ठेवायला लावलं. त्यांची आठवण आली की अजून मला गरम जेवणाचा वास येतो.

तर सवय लागलेली. पहिल्या वर्षी मी सगळं प्रामाणिकपणे वाचायचं ठरवलं होतं. पण हे लोक लिहितात तरी काय! इतिहास लिहिणारा प्रत्येक जण स्वतः खोलीत हजर असल्यासारखा बोलतो. विज्ञानवाले आईचे आभार मानल्याशिवाय अणू फोडत नाहीत. कादंबरीवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. दिवसभर मी आजाऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचायचे, डॉक्टर चार शब्दांत लिहितात आणि त्यावर माणूस जगतो. संध्याकाळी ही पोकळ पोती. त्यांचा चेहरा उतरायचा ऐकताना. म्हणून मी बकरी गाळली. ‘मी’ गाळला. जे उरलं ते बरं असायचं, कधी कधी फार चांगलं. तसं असलं की ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे.

कडीचा शेवट माझा आहे. त्या म्हाताऱ्याचा उपदेश दुसऱ्या पानावर आला आणि माझ्याने पुढे वाचवेना. मनात आलं ते बोलत गेले. नंतर त्या रुमालवाल्याने लेख वाचून तोच शेवट आपल्या पुस्तकात घातला. तोंडातून ब्र काढला नाही. मीही काढला नाही. काढणार कशी?

चूक माझी आहे, त्यांची नाही. खुलाशात तसं लिहा. बाकीचे अठरा लेख गाळलेत तरी चालेल. तो एक राहू द्या. कारण विचारू नका.

वहिनी


५ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं.

आंधळ्या माणसाला तुम्ही फसवलंत. अकरा वर्षं, रोज, त्याच्याच घरात. ज्या माणसाला एका वाक्याचा खोटेपणा सहन होत नसे, त्याच्या कानात तुम्ही स्वतःच्या मनचं ओतत होतात आणि तो बिचारा त्यावर सही करत होता. औषधाच्या बाटलीत पाणी भरून दिलंत तर तुम्हाला तुरुंगात टाकतील. हे काय वेगळं आहे?

अकराच्या अकरा वर्षं काढून टाकते आहे. कडीसकट. तो लेख राहावा असं तुम्हाला का वाटतं ते मला न विचारताही कळतं. दादाच्या नावाखाली तुमचं चार ओळींचं कौतुक छापून आलंय, दुसरं काय.

आणि मला का सांगितलं नाही? त्याला दिसत नाही हे मला, सख्ख्या बहिणीला, तुम्ही का कळू दिलं नाही?


९ जुलै

प्रिय वहिनी,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ते योग्यच केलंत.

ते पत्र टाकलं त्याच रात्री मी दादाची सगळी पत्रं काढली. तुमच्या अक्षरातली बाजूला ठेवली. त्याच्या स्वतःच्या हातची शेवटची कोणती, ते बघायचं होतं. तेव्हा ते एक सापडलं. डिसेंबरातलं, त्या लेखाच्या महिन्यातलं. मला ते आठवत होतं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, काही कागदाबाहेर गेलेल्या. त्या वेळी मी चार शब्द वाचून ठेवून दिलं होतं आणि उत्तरात लिहिलं होतं, ‘उतरल्यावर लिही.’ मला वाटलं, प्यायलाय. त्यानंतर त्याने मला स्वतःच्या हाताने कधीच लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

तुम्ही मला सांगितलं नाहीत असं मी लिहिलं होतं. त्याने सांगितलं होतं, वहिनी. मी वाचलं नाही.

भिंग घेऊन दोन दिवस बसले. लागलं तेवढं उतरवून देते. मूळ पत्र सोबत आहे, ते तुमचं.

‘धाकटे, हे माझ्या हातचं आहे, वेडंवाकडं होणार. मला दिसत नाही, तीन वर्षं झाली. तुझी वहिनी वाचून दाखवते. हे तिच्याकडून लिहून घेता येत नाही, कारण तिच्याबद्दलच आहे. ती गाळते. आधी मला कळलं नाही. मग मी पानं उलटल्याचे आवाज मोजायला लागलो. बारा पानं उलटतात आणि मजकूर येतो दीड पानाचा. दोनदा ती दवाखान्यात असताना शेजारच्या मुलाकडून तेच पुस्तक वाचून घेतलं. दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं. आता मी छापतो ते पुस्तकांबद्दल नसतं, पुस्तकं जशी असायला हवी होती त्यांबद्दल असतं. हे चूक आहे, मला माहीत आहे. मी ते सोडणार नाही. तिला कळू देऊ नकोस, ती लाजेल आणि सरळ वाचायला लागेल. मग मी मेलोच.

या महिन्यात तिने रुमालरावाला नवा शेवट करून दिला. म्हातारा लेकीच्या दाराची कडी बसवून जातो. धाकटे, ती कडी आमच्या स्वयंपाकघराची आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती माझ्याशी नऊ दिवस बोलत नव्हती, चूक माझी होती. मी भर दुपारी ऑफिसातून येऊन कडी बसवली आणि परत गेलो. ती दवाखान्यात होती. मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. मला वाटायचं, तिच्या लक्षातच आलं नाही. एकोणतीस वर्षांनी काल संध्याकाळी कळलं. मी तिला पेपरात उत्तर देतोय. रुमालरावाला फुकटचं श्रेय मिळेल. मिळू दे. बघू, काय करतो.’

पुढच्या ओळी लागत नाहीत. शेवटी ‘गरम’ असा काहीतरी शब्द आहे.

मी काल छापखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. प्रकाशक डोक्याला हात लावून बसले. प्रुफाच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, “एकोणीसही लेख ठेवा. तळटिपा मी लिहिते.” त्यांनी लिहिल्याही. चरित्राखाली आहे, ‘लेखात वाचलेला ग्रंथ छापील ग्रंथापेक्षा चौसष्ट पानांनी लहान व तितक्याच पानांनी चांगला आहे.’ कडीच्या लेखाखाली फक्त एवढंच, ‘हा शेवट पहिल्या आवृत्तीत नाही. दुसऱ्या आवृत्तीत आहे.’ प्रकाशक म्हणाले, निदान टाइप बारीक घ्या. बाई म्हणाल्या, “का? लोकांना दिसायला नको?”

प्रस्तावनेत मी खरं ते सगळं लिहिते आहे. पहिल्या पानावर दादाच्या नावाखाली तुमचं नाव येईल, ‘वाचन’ असं लिहून. नको म्हणू नका.

राहता राहिले रुमालराव. त्यांना अजून काही माहीत नाही. येणार आहेत, अट कायम आहे. शेवटचं प्रकरण घरच्या कुणीतरी वाचायचं. मी घरची असले तरी वाचणारी नाही. तुम्ही याल का?

आणि ‘अनाथालय’ मी म्हणायचे. हो. म्हणायचे.

तुमची
नणंद


१५ जुलै

वन्सं,

पत्र पोचलं. दोन्ही पत्रं पोचली.

त्या शेवटच्या ओळी मला लागल्या. तुम्हाला सांगणार नाही.

मला त्यांनी कधी कळू दिलं नाही. एवढा लबाड माणूस, आणि मी आठ वर्षं पानं हळू उलटायचे, आवाज होऊ नये म्हणून. पण एक आता लक्षात येतंय. त्या डिसेंबरानंतर साडेपाचला मी पुस्तक घेऊन बसले की ते म्हणायचे, “आधी खाऊन घे. मग वाच.” मला वाटायचं, म्हातारपणाची काळजी.

नाव घालायचं तर घाला, पण त्यांच्या नावापेक्षा लहान.

चौतिसावं हरवलेलं नाही. उशाशी आहे. पहिलीच आवृत्ती.

प्रकाशनाला येईन. स्वयंपाकघराची कडी अजून घट्ट आहे, घर बंद करून येता येतं. रुमालरावांना पहिल्या रांगेत नको, व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवा, म्हणजे उठून जाता येणार नाही. मी ते प्रकरण वाचून दाखवीन. त्यांनी लिहिलंय तसं, पहिल्या आवृत्तीतलं. उपदेश, खिडकी, पाखरू, सगळं. बाराच्या बारा पानं. जन्मात पहिल्यांदा मी एक अक्षरही गाळणार नाही.

तुम्ही मात्र जेवून या.

वहिनी